फॉर्मात नाही म्हटलं

मंगळवार, ४ तारीख

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बरगडीखाली कळ होती, पण ती गेल्यावरही जागीच. फॉर्मात खोटं बोलले म्हणून.

काल लाँड्रीत मालकांनी पाचही जणांना बसवलं. म्हणाले, छोट्या धंद्यानं कामगारांचा आरोग्य विमा काढला की अर्धा हप्ता सरकार भरतं. पण सगळे हवेत. एक जरी गळला तरी मदत गेली. मला वाचायला वेळ लागतो म्हणून माझा फॉर्म त्यांनीच विचारून भरला. "आधीचा काही आजार?" मी म्हटलं, नाही.

आहे. पित्ताच्या पिशवीत खडे आहेत. गेल्या महिन्यात दवाखान्यात सांगितलं, ऑपरेशन लागेल. ते कुठून करणार?

"शाब्बास, खणखणीत आहेस," मालक म्हणाले. सही करताना हात ओला होता. शाई पसरली.

बुधवार, ५

घड्या घालताना दोनदा खाली बसले. चादरीचं दुसरं टोक लाँड्रीतल्या मावशीच्या हातात. म्हणते, "काय गं, दुसरं आहे की काय? थोडं थांब, विमा होऊ दे. बाळंतपण फुकटात!" हसले. हसताना पण दुखतं.

शुक्रवार, ७

आज कळ नाही. माझी पोर पहिल्यांदा दोन पावलं चालली, इस्त्रीच्या टेबलाला धरून.

सोमवार, १०

मंजुरी आली. कार्डं पण आली. मावशी गुडघ्याच्या डॉक्टरकडे नंबर लावून आली सुद्धा.

माझं कार्ड डब्यात, कपड्यांखाली. दाखवलं की दवाखान्यातला जुना कागद निघेल. म्हणतील, हिनं फसवलं. माझं जाईल ते जाईल — पाचातली एक गेली की सगळ्यांचंच गेलं. मावशीला काय तोंड दाखवू?

हे ट्रकवर, लांब. फोनवर म्हणाले, "गप्प राहा." गप्पच आहे.

बुधवार, १२

राहवलं नाही. मालकांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"अगं वेडे, यात आजारी माणसाला पण घेतात! कुणाचं काही रद्द होत नाही. दुरुस्ती मी लिहून देतो." मग म्हणाले, "नऊ दिवस अंगावर काढलंस?"

मावशी म्हणाली, "आणि मी बाई डोहाळे विचारत बसले."

उद्या सकाळी दवाखान्यात जायचं, मावशी सोबत. ताप आहे थोडा. पण आज झोप लागेल.

गुरुवार, १३

कळ थांबतच नाही. डोळे पिवळे झालेत. फोन बंद पडलाय. हाका मारल्या, समोरची कामाला गेलेली. मावशी दहाला येणार, तोवर धीर निघत नाही. कडी काढलीय. वही दारातच ठेवते.

जो कोणी वाचेल त्यानं आधी आत जावं, मी शुद्धीवर नसले तर पोर एकटी आहे, तिला उचला. मग माझ्या भावाला फोन करा. नंबर मागच्या पानावर आहे.