बारावा विद्यार्थी

९ जुलै, सोमवार

आले सगळे. बाराच्या बारा! आता दहा दिवस या टेकडीवर एकत्र मुक्काम, मग जो तो आपापल्या घरी. सहा महिने त्यांनी दर महिन्याला चित्रं पाठवायची आणि आम्ही सल्लागारांनी लांबलचक पत्रं लिहायची. जानेवारीत पुन्हा दहा दिवस. अकरा वर्षं हेच करतेय मी — टपालानं चित्रकला शिकवतेय! तीही नेमणूक एका वेळी एकाच सत्रापुरती. प्रत्येक वेळी डेझमंडचा फोन येईपर्यंत जीव टांगणीला. विभागप्रमुख तो, पण त्याच्या हातात तरी काय आहे?

दोन वर्षांपूर्वी एकतीस जण होते. गेल्या वर्षी वीस. जेवणघरात निम्म्या टेबलांवर खुर्च्या उलट्या घालून ठेवल्यात. सगळे एका कोपऱ्यात दाटीवाटीनं बसतात आणि जरा जास्तच मोठ्यानं हसतात.

११ जुलै

माझं व्याख्यान झालं. जुनी छापचित्रं दाखवली. एकीनं हात वर केला — ‘आणि हेस्टर, अलीकडची?’

‘पुढच्या वेळी,’ म्हटलं.

अलीकडची नाहीतच. सहा वर्षं छापयंत्रावर चादर आहे.

१२ जुलै

ऑरिन टीगच्या खोलीत दोन तास. मेन राज्यात, समुद्रकिनाऱ्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. वय सदुसष्ट. बायको गेल्यावर इथं नाव घातलं. या तिसऱ्या सत्रात त्यानं चौदा चित्रं केली, चौदाही तिचीच. नोला बागेत, नोला ओट्यापाशी, नोला धक्क्यावर. सगळीकडे हसतेय. हात तयार आहे त्याचा, रंगही सुरेख लागलेत. आणि तरी त्या खोलीत चौदा बायका असून एकही बाई नाही!

विचारलं, ‘चिडायची नाही का हो कधी?’

‘नोला? छे! देवमाणूस होती.’

‘चाळीस वर्षांत एकदाही नाही?’

‘मास्तरीणबाई, गेलेल्या माणसाच्या चहाड्या करायला लावता काय?’

हसला. मीही हसले. त्याच्यासमोर न हसणं अवघड आहे. आणि परवा त्याला शेवटच्या सत्रात पाठवायचं की नाही, हे मला सांगायचंय.

१४ जुलै, शनिवार

सकाळी डेझमंडनं कॉफी हातात देता देता म्हटलं, ‘अगं, जाऊ दे त्याला पुढं. मन लावून करतो बिचारा. एकच तर सत्र राहिलंय.’

नाही जाऊ दिलं. चित्रांसमोर उभी राहून सांगितलं, की तुम्ही तिच्याकडे बघतच नाही आहात. तुम्ही तिला जपताय. जपायचं असेल तर फोटो पुरे. तिसरं सत्र पुन्हा करा.

टोपी दोन्ही हातांत धरून उभा होता. म्हणाला, ‘म्हणजे खोटी आहेत?’

‘हो.’

कशाला म्हटलं ते हो! दुसरं काहीही म्हणता आलं असतं. ‘अजून पुरती झालेली नाहीत,’ असं म्हणता आलं असतं.

‘बरं,’ म्हणाला. मग एकेक करून चित्रं भिंतीवरून उतरवली. मी मदतीला हात पुढं केला, तर — ‘राहू द्या, मी करतो.’ संध्याकाळी जेवताना दुसऱ्या टेबलावर लोकांना हसवत होता. माझ्या टेबलाकडे पाहिलं नाही.

१५ जुलै

बरोबर होतं माझं. बरोबरच होतं.

२ ऑगस्ट

ऑरिनचं पत्र. नाव काढून घेतलंय.

ओळी पाठच झाल्यात. ‘तुम्ही खरं बोललात, त्याबद्दल आभार. पण आता चित्र काढायला बसलं की तुमचा आवाज ऐकू येतो. नोलाचा यायचा, तो येईनासा झालाय. तेव्हा थांबतो.’

उत्तर लिहायला तीनदा बसले. तिन्ही कागद फाडले. पत्रं लिहिणं हाच माझा धंदा आहे म्हणे!

२७ ऑगस्ट, सोमवार

डेझमंडचा फोन. या वेळी नवं कुणीही आलेलं नाही. एकही अर्ज नाही. वर कॉलेजवाल्यांनी कळवलंय — बारापेक्षा कमी विद्यार्थी झाले तर विभाग बंद.

‘किती आहेत?’

‘अकरा.’

‘कोण गेलं?’ ठाऊक असून विचारलं.

‘तुझाच तो. बोटवाला.’

३० ऑगस्ट

बेट्टिना येऊन गेली. अकरा वर्षांपूर्वी आम्ही दोघी एकाच दिवशी इथं लागलो. तिच्या नवऱ्याचं, लुबोचं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, आणि त्याचा खर्च भागवणारा विमा तिच्या या नोकरीवर चालतो. सोबत आलुबुखारचा केक आणला होता. मला दोष द्यायला आली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

‘तू खरं बोललीस, त्यात काय एवढं? मीही तेच बोलले असते,’ म्हणाली.

मग उठली, बेसिनपाशी कप विसळायला लागली. पाठ माझ्याकडे.

‘नाही गं हेस्टर. मी नसते बोलले.’

११ सप्टेंबर

डेझमंडनं बोलावून घेतलं. दार लावलं. अठ्ठावीस तारखेपर्यंत मुदत मिळालीय. तोवर ऑरिननं परत नाव नोंदवलं तर बारा होतात, आणि विभाग निदान वर्षभर तरी तरतो.

‘तू जाऊन ये. फोनवर नको. सांग, की माझं मत बदललंय.’

‘बदललेलं नाही.’

‘हेस्टर, सहा माणसं आहोत आपण. सहा घरं. एका म्हाताऱ्याला छान म्हणायला तुझ्या बापाचं काय जातं?’

इतक्या वर्षांत तो माझ्याशी असा बोलला नव्हता. नंतर ओशाळला, टेबलावरचे कागद उगाच सारखे करत बसला. पुटपुटला, ‘ती खराब तर नाहीत ना? मी पाहिलीत. लोकांच्या घरात याहून वाईट चित्रं टांगलेली असतात.’

तेही खरंच आहे.

१२ सप्टेंबर

नाही जाणार.

१९ सप्टेंबर

दुकानाबाहेर बेट्टिनाची गाडी. ती आत गेलेली, लुबो पुढच्या सीटवर, काचेला कपाळ टेकून. चेहरा पिवळा पडलाय. मला पाहून हात हलवला. काच खाली करून म्हणाला, ‘काय गं, चेहरा का असा? तुझं डायलिसिस आहे का माझं?’

मी हसले. घरी आल्यावर गाडीत पेट्रोल किती आहे ते पाहिलं.

२३ सप्टेंबर, रविवार

वाटेतल्या एका लॉजवर सकाळी लिहितेय. काल जाऊन आले. सगळं जसं झालं तसं लिहिते, नाहीतर पुढं मी यालाही बरा रंग देईन.

पाच तास गाडी चालवली. वाटभर वाक्यं जुळवत होते. होड्यांच्या शेडमागं त्याचं घर. ऑरिन दारातच —

‘एवढ्या लांब? कोण मेलं?’

‘कुणी नाही.’

‘मग आधी जेवा.’

शिंपल्यांचं दाट सूप आणि पाव. स्वयंपाकघरात चित्र नाही, ब्रश नाही, टर्पेंटाइनचा वाससुद्धा नाही. मधल्या खोलीत भिंतीशी चौदा कॅनव्हास. तोंडं भिंतीकडे. मला दिसले ते त्यानं पाहिलं. इंजिनांबद्दल बोलत राहिला. गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवल्या. मी निम्मं सूप संपवलं आणि मग म्हटलं.

‘मी चुकले, ऑरिन. फार कठोर झाले. मी पुन्हा विचार केला त्या चित्रांचा. चांगली आहेत ती. तुम्ही परत या, थेट शेवटच्या सत्रात. मी लिहून देते.’

किती सहज निघालं तोंडातून! एवढी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही लागलं नाही.

त्यानं चमचा खाली ठेवला. बघत राहिला. राग नव्हता त्यात. एखादं इंजिन सुरू करून नुसतं ऐकत उभं राहावं, तसं बघत होता.

‘कोणतं चांगलंय?’

‘काय?’

‘चौदातलं. कोणतं?’

‘धक्क्यावरचं,’ म्हटलं.

‘त्यात काय चांगलंय?’

‘प्रकाश.’

प्रकाश! पहिल्या वर्षाच्या पोरांना काय सांगावं ते सुचलं नाही की मी हेच सांगते.

‘हं,’ म्हणाला. पावाला लोणी लावून तुकडा माझ्या ताटलीत ठेवला. ‘विचार करतो, बाई.’

गाडीपर्यंत सोडायला आला. रस्त्यात हरणं आडवी येतात, सावकाश जा, म्हणाला. वळणावर आरशात पाहिलं, अजून तिथंच उभा होता.

एक गोष्ट सांगितलीच नाही मी. बाराचा नियम, बेट्टिना, लुबो — यातलं एक अक्षरही नाही. ते सांगितलं असतं तर तो त्याच पावली निघाला असता. तसाच माणूस आहे तो. पण मग मी का आले होते, तेही उघडं पडलं असतं. स्वतःची अब्रू राखायला मी लुबोचं नाव घेतलं नाही. हे इथं लिहिलं. दुसरीकडे कुठं बोलणार नाही.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारपासून डेझमंडच्या खोलीत बसून होतो — तो, बेट्टिना, मी. संगणकाच्या पडद्यावर अकरा नावं. साडेचारला त्यानं पडदा बंद केला.

‘निदान तू गेलीस तरी,’ बेट्टिना म्हणाली.

हे ऐकवेना.

९ ऑक्टोबर

लेखी आलं. डिसेंबरात विभाग बंद. अकरा विद्यार्थ्यांना दुसऱ्या कॉलेजात सामावून घेणार. आम्हा सहा जणांबद्दल एक परिच्छेद, त्यात ‘कृतज्ञता’ दोनदा.

२ नोव्हेंबर

शेवटच्या गठ्ठ्यांना उत्तरं लिहितेय. सगळ्यांना ‘छान’ लिहितेय. कुणाचं काय बिघडतं? मला काही वाटतही नाही. हे जास्त वाईट आहे.

१९ नोव्हेंबर

चार ठिकाणी अर्ज केले होते. तिघांचं उत्तर नाही. चौथ्यानं कळवलं — गेल्या पाच वर्षांतलं काम पाठवा.

बेट्टिनाला शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. विमा तीन महिन्यांनी सुरू होईल. ‘आणि तोवर?’ म्हटलं. ‘तोवर बघू,’ म्हणाली. लुबोनं आता थट्टा करणं सोडलंय, असंही म्हणाली.

३ डिसेंबर

यंत्रावरची चादर काढली. बघितलं. परत घातली.

१४ डिसेंबर, शुक्रवार

किल्ल्या दिल्या. डेझमंड जुन्या मुक्कामांचे फोटो खोक्यात भरत होता. एकेक उचलून नावं आठवत होता — ही कोण गं, हा कुठला, हा तर गेला ना? मग खाली बसला आणि रडला. साठीच्या माणसाला रडताना पाहून काय करायचं असतं ते मला ठाऊक नाही. खोक्याला चिकटपट्टी लावत राहिले.

‘तुला दोष देत नाही मी,’ म्हणाला.

देतोस, डेझमंड. दे.

२ जानेवारी

नगर वाचनालयात मुलांना रविवारी कातरकाम शिकवाल का, असं विचारणारा फोन आला. विचार करते म्हटलं. विचार कसला!

८ जानेवारी

मुक्कामाचा पहिला दिवस असता आज. बर्फ पडतंय. टेकडीवरचा रस्ता कुणी साफही केला नसेल.

११ जानेवारी, शुक्रवार

ऑरिनकडून लाकडी खोकं आलं. पत्र नाही. आत एकच छोटं चित्र.

एक बाई टेबलाशी बसलीय. अंगातला कोट काढलेला नाही. ओठ उघडे, काहीतरी गोड बोलतेय, आणि डोळे मदत मागावी तसे दाराकडे. मान थकलेली. खोटं बोलतेय हे तिलाही कळतंय. मीच आहे ती. कुठं दया केलेली नाही, आणि कुठं रागही नाही.

चांगलं आहे. फार, फार चांगलं आहे. अकरा वर्षांत इतकं चांगलं माझ्याकडे कुणी पाठवलं नव्हतं.

आणि विभाग बंद होऊन आज चार आठवडे झाले.