मान वर करायची नाही

४ जून
पोहोचले बाई एकदाची! दादा-वहिनीचं नवं घर झकास आहे म्हणतात. मी आपली फरशीच पाहिली. डोळ्याचा पडदा सरकला म्हणून ऑपरेशन केलं, तर आत वण धरून तो पुन्हा ओढला गेला. दुसऱ्या ऑपरेशनात डॉक्टरांनी तेल भरून तो बसवलाय. आता चोवीस तास तोंड खाली. मान वर केली की पडदा निसटलाच, आणि माझं शिवणकाम कायमचं बंद. डावा डोळा जन्माचा आळशी, त्याच्या जिवावर जेमतेम ही मोठाली अक्षरं. वहिनी म्हणाली, नव्या नवरीनेसुद्धा इतकी मान खाली घातली नसेल. हसून हसून पुरेवाट झाली.

६ जून
हल्ली माणसं पायांवरून ओळखते. दादाच्या टाचांना भेगा, वहिनीची नखं रंगवलेली. दोघं कामावर गेली की घरात मी एकटी. आज दुपारी पलंगाच्या कडेशी तिसरेच पाय दिसले. अनवाणी, राखेच्या रंगाचे. कोण आहे म्हणून विचारलं, तरी जागचे हलले नाहीत. उजवा डोळा मिटला की गायब. डॉक्टर फोनवर म्हणाले, तेलाचे थेंब सुटले असतील, त्याने भलतंसलतं दिसतं. जिवात जीव आला.

९ जून
डोळा ठणकतोय. आतला दाब फार वाढलाय, नस खराब व्हायच्या आत तेल काढणार. दादाचा चेहरा पडला असेल, आवाजावरून कळलं. मला उलट बरं वाटलं. तेलाबरोबर ते पायही जातील. रोज पुढे सरकतायत मेले.

१२ जून
तेल काढलं, त्याच्या जागी डोळ्यात गॅस भरला. पडदा जागेवर, डॉक्टर खूश. मी पुन्हा पालथी, उजव्या डोळ्यावर पट्टी.
पाय आहेत. आता डाव्याने दिसतायत.
दादाला सांगितलं. तो पलंगाखाली वाकून बघून आला, म्हणाला मनाचे खेळ. त्याच्या पावलांना खेटूनच उभे होते.

१३ जून
दुपार. दोघं कामावर.
वहिनीचा आवाज आला — डॉक्टरांचा फोन होता, वन्सं, झालं आता, वर बघा. वहिनी मला वन्सं म्हणत नाही. कधीच नाही. आणि समोर पाय तेच.
नाही बघणार.
पुन्हा तेच. लाडीगोडीने —
गुडघे टेकले त्याने. हात दिसतायत. हनुवटीखाली — गार —
जोर लावतंय. मान ताठ धरलीय, पण — देवा, डोळा नको, डोळा तेवढा — वर ओढ