साडूच्या खिडक्या

२ मार्च, रविवार
साडू समोरच्याच घरात राहतो. त्याच्या खिडक्यांचा रंग दोन पावसाळे होऊनही जसाच्या तसा, आमच्या चौकटींची मात्र सालं निघताहेत. ही सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर उभी राहते आणि म्हणते, भावोजींच्या खिडक्या बघा. बघतो. आणखी काय करणार?
पुढच्या रविवारी सासूबाई येणार. लग्नाला बारा वर्षं झाली, मला एकदाही 'छान' म्हणाल्या नाहीत. साडूला येता-जाता म्हणतात. या वेळी ऐकायचंच. चारही खिडक्या स्वतः रंगवणार. आपला हात जगन्नाथ!

३ मार्च
दुरुस्ती: तीनच. स्वयंपाकघराची चार वर्षांपूर्वी मीच रंगवलीय. घाईत एक हात मारून ऑफिसच्या टूरवर गेलो होतो, आलो तर आरशासारखी. अजून टवकासुद्धा उडालेला नाही. साडूला मुद्दाम नेऊन दाखवली. नुसता हसला. पाण्यात बघतो मला.

५ मार्च
साडूला सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणे, सुटलेला रंग खरवडायचा, पॉलिशपेपर मारायचा, लाकूड पूर्ण वाळू द्यायचं, फटींत लांबी म्हणजे पुट्टी भरायची, मग प्रायमर, मग रंगाचे दोन पातळ हात.
खरं गुपित कोण सांगतं? मला रविवारपर्यंत खरवडत बसवायचा डाव आहे. आपण थेट ऑइलपेंट. एकच हात, पण जाड.

७ मार्च
रजा टाकली. पाइप लावून खिडक्या धुतल्या आणि लगेच ब्रश धरला. ओल्या लाकडावर काय झरझर फिरतो! ही म्हणाली, आधी वाळू द्या. शेवटी साडूच्या बायकोचीच बहीण.

८ मार्च
कडक ऊन. रंगाला फोड आलेत. बसतील.
साडू फाटकाशी येऊन म्हणाला, मदत करू का? नको म्हटलं. उद्या श्रेयात वाटा मागायचा.

९ मार्च, सकाळ
हॉलची खिडकी रंगाने चिकटून बसली. हिसका दिला. उघडली, पण रंगाचा लांबच्या लांब पापुद्रा हातात आला. बाकीच्या दोन्ही उघडायला गेलोच नाही. सासूबाईंना स्वयंपाकघरातच बसवायचं.

९ मार्च, संध्याकाळ
सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, छान! डोळ्यांत पाणीच आलं. मी रंगवलीय, असं साडूकडे बघत ठणकावून सांगितलं. तो खाली मान घालून चहा पीत होता. ही उगाच ओट्यावरची भांडी आवरायला लागली.

१० मार्च
त्या 'छान'चा मी पाचव्यांदा उल्लेख केल्यावर हिला राहवेना. सगळं बोलली. मी टूरवर असतानाच माझा रंग सुटायला लागला होता. साडूने तो खरवडून, लाकूड वाळवून, प्रायमर मारून खिडकी नव्याने रंगवली. वर हिला बजावलं, त्यांना सांगू नकोस, वाईट वाटेल.
चार वर्षं गप्प राहिला. निदान मनाने तरी माझ्यापेक्षा वाईट असायला हवा होता! तेही नाही.
आज स्वयंपाकघरात चहा घेतला. खिडकीकडे पाठ करून.