झऱ्यासाठी साक्षीदार

३ जून १८८८
प्रिंगलने ओढ्याकाठी आणखी एक कुटुंब आणून बसवलं. हा इसम स्वतः नांगराला हात लावत नाही. गरिबांना फुकटच्या सरकारी जमिनीवर बसवतो, पाच वर्षं खपू देतो, मग जमीन आपल्याकडे ओढून घेतो. वर्तमानपत्रवाले त्याला 'वस्ती वसवणारा' म्हणतात. मी चोर म्हणते.

केलं मीही तेच — माझ्या गुराख्यांच्या नावांनी. एकेकाने सरकारकडे आपले एकशेसाठ एकर मागितले, मिळाले तसे मला लिहून दिले, बदल्यात नवं खोगीर घेतलं. माणसाला जन्मात एकदाच अर्ज करता येतो. माझ्या माणसांनी तो माझ्यासाठी केला. फरक एवढाच की मी इथे अठरा वर्षं आहे, आणि बर्फात मेलेली गुरं याच हातांनी ओढून काढली आहेत.

राहिला तो फक्त झरा. सहा हजार गुरांना उन्हाळ्यात तेवढंच पाणी. तो फीबीच्या नावावर मागितला आहे — माझ्या भावाची मुलगी, बिनलग्नाची, म्हणून तिचा अर्ज चालला. सप्टेंबरात तिची तिथे राहायची पाच वर्षं भरतात. मग सरकारी जमीन-कचेरीत साक्षीपुरावा, मालकीचा पट्टा तिच्या हाती, आणि दुसऱ्या दिवशी तिची सही, माझ्या नावे. आधी कागद करता येत नाही. दुसऱ्यासाठी जमीन मागणं गुन्हा आहे. तिचा शब्द आहे. पुरे.

११ जून
फीबीकडे जाऊन आले. बारा बाय चौदाची खोली, एक खिडकी, एक चूल. महिनाभर घरी येऊ का म्हणून विचारत होती. नाही म्हटलं. ती तिथून हलली की प्रिंगल तक्रार करणार.

बोलायला कोणी नाही, म्हणाली. मी सांगितलं, कॉलेजात असताना मी वर्षभर एका खोलीत लॅटिन व्याकरण पाठ केलं होतं, मेले नाही. त्यावर म्हणते, "आत्या, व्याकरणात निदान उत्तरं तरी असतात."

जीभ वाढली आहे. ती होल्मच्या बायकोची संगत. येन्स होल्म — डेन्मार्कचा, पाच वर्षांपूर्वी प्रिंगलनेच आणला — फीबीपासून अर्ध्या मैलावर गहू पिकवतो. बायको कर्स्टिन फीबीला पाव पाठवते. बंद कर म्हणून सांगितलं. गप्प राहिली. त्याचा अर्थ मी होकार धरला.

२ जुलै
सकाळी कळप होल्मच्या गव्हातून पलीकडे नेला. गॅरिटी, माझा मुकादम, विचारत होता, "सगळाच नेऊ का बाई?" मी म्हटलं, अर्धा नेला तर अर्धा गहू राहील.

कर्स्टिन झाडू घेऊन शेतात उभी होती. चारशे गुरांपुढे झाडू! हसू आलं. दुपारी येन्स फाटकापाशी आला. टोपी काढली नाही. म्हणाला, "बाई, तुमच्या गुरांना वाट माहीत नव्हती वाटतं. पुढच्या वेळी मीच रस्ता आखून ठेवतो." मी फाटक लावून घेतलं. पण एवढं बोलणाऱ्या माणसाच्या मनात इथून जायचं नाही, हे समजलं.

९ जुलै
ओढ्याकाठची बाकीची दोन्ही घरं रिकामी. एक जाळावं लागलं.

२० जुलै
होल्मच्या गोठ्यात एक वासरू सापडलं. तापल्या लोखंडाचा ताजा डाग, आमच्या मालकीच्या डागावर चढवलेला. असं गॅरिटीचं म्हणणं. मी स्वतः पाहिलं नाही, पाहायलाही मागितलं नाही. या मुलखात गुरांच्या चोराला काय करतात, ते त्याला माहीत आहे, मलाही. तो दारात उभा राहिला. मी कॉफी ओतत होते. मी 'नको' म्हटलं नाही.

दुपारच्या जेवणाआधी सगळं आटोपलं. ओढ्याच्या वळणावरचं मोठं झाड. येन्स शेवटी गॅरिटीला म्हणाला म्हणे, "हात इतके का कापताहेत? आजवर गुरांनाच दोर टाकलास वाटतं." गॅरिटीने हे मला सांगायला नको होतं. जेवला नाही.

तिथेच पुरायला लावलं. मी घोड्यावरून उतरले नाही, पण माती पुरी पडेपर्यंत थांबले. अर्धवट काम मला आवडत नाही.

२१ जुलै
त्याची टोपी बायकोकडे पाठवली. तिने घेतली, दार लावलं. जाईल आठवड्याभरात.

५ ऑगस्ट
अजून गेली नाही! फीबी रोज तिच्याकडे जाते असं कळलं. निरोप धाडला: दिवसा काय करायचं ते कर, निजायचं मात्र स्वतःच्या खोलीत. पाच वर्षांत सात आठवडे उरलेत. तिचं एका ओळीचं उत्तर आलं: "काळजी करू नका आत्या, पाच वर्षं पुरी करीन." शहाणी झाली म्हणायची.

१८ ऑगस्ट
प्रिंगलने हरकत घेतली. झरा फीबी स्वतःसाठी मागत नाही, आत्यासाठी मागते, असा अर्ज. कचेरीच्या साहेबांचं पत्र आलं: ती पाच वर्षं तिथे राहिली हे दोन साक्षीदारांनी शपथेवर सांगायचं, आणि दोघांपैकी एकही माझ्या पगारावर नको.

एक मिळाला. फिरते पाद्री दर दोन महिन्यांनी तिच्याकडे चहा पितात. दुसरा पाहिजे शेजारी. गॅरिटीला विचारलं, कोण आहे? तो चुलीकडे बघत म्हणाला, "शेजारी आपण ठेवले कुठे बाई?"

त्याचा सूर आवडला नाही. पण खरं आहे. आठ मैलांत एकच माणूस उरलं आहे.

२९ ऑगस्ट
कर्स्टिन होल्मकडे गेले. बसा म्हणाली नाही. उभ्यानेच सांगितलं: तुझा नवरा माझ्या कुरणात पुरलेला आहे. गुरं तिथे चरतात, उद्या त्याच्यावरून चालतीलही. फीबीसाठी खरी साक्ष दे, मी त्या जागेभोवती कठडा घालून देते, वर दगड बसवते. नाही दिलीस तर कठडा नाही.

 कणीक मळत होती. मग तिने विचारलं, "खोटं काही सांगावं लागेल?" मी म्हटलं, मुळीच नाही. ती रोज तुझ्या डोळ्यांसमोर होती, तेवढंच सांग. म्हणाली, येईन. मी म्हटलं, माझी बग्गी पाठवीन.

माणसाला काय हवं असतं ते नेमकं शोधून काढलं की बाकीचं सोपं असतं. हे मला कोणत्याही कॉलेजाने शिकवलं नाही.

२६ सप्टेंबर
 क्रमाने लिहिते.

कर्स्टिनला मीच बग्गीतून आणलं. दहाला कचेरी उघडली. प्रिंगल भिंतीला टेकून उभा, एक नवा माणूस दिमतीला. पाद्रींची साक्ष झाली. मग कर्स्टिनची. शांतपणे बोलली. मुलगी पाच हिवाळे तिथे राहिली. एकदा छप्पर उडालं तेव्हाही हलली नाही. आजारी पडली तेव्हा हिने तीन दिवस तिची चूल पेटवली. (हे मला माहीत नव्हतं.) साहेबांनी मान डोलावली. प्रिंगलचा चेहरा पडला. मी हातमोजे घालायला लागले.

मग साहेबांनी फीबीला छापील प्रश्न वाचून दाखवला. तो सगळ्यांना विचारतात. माझ्या बावीस माणसांनी त्याला 'नाही' म्हटलं आहे. ही जमीन तुम्ही दुसऱ्या कोणासाठी मागत आहात का?

फीबी म्हणाली, "हो. माझ्या आत्यासाठी. पहिल्या दिवसापासून."

साहेबांनी चष्मा काढला. पुन्हा विचारलं, समजून बोलताय ना? तुमचा हक्क जाईल, पुन्हा कधी मागता येणार नाही. ती म्हणाली, "मला कळतंय, साहेब." माझ्याकडे पाहिलं नाही. पाच वर्षं त्या खोलीत काढून, सगळं एका शब्दात फेकून दिलं! माझ्या हाती लागू नये म्हणून!

अर्ज रद्द. झरा मोकळा — जो आधी मागेल त्याचा.

मी गॅरिटीला म्हटलं, पुढे हो, अर्ज कर. तो म्हणाला, "माझा जन्माचा एक अर्ज तुम्हीच वापरलाय बाई. दहा वर्षं झाली." इतरांचंही तेच, आणि माझंही. प्रिंगलच्या माणसाला अर्जाला लागणारी एकवीस वर्षं पुरी नव्हती. प्रिंगल दुसरा शोधायला धावत बाहेर. मीही. जेवणाच्या सुट्टीआधी गावात कधीच अर्ज न केलेला एक कोरा माणूस मिळाला तरी पुरे होता. लोहाराचा भाऊ तयार झाला, पण त्याला बूट सापडेनात. मी पंचावन्न वर्षांची बाई, भर रस्त्यात एका दारुड्याचे बूट शोधत होते.

परत आलो तर दाराला कुलूप. जेवणानंतरही उघडलं नाही. उद्या सकाळी पाहू. प्रिंगलकडेही माणूस नाही.

२७ सप्टेंबर
झरा कालच गेला. आम्ही गावात धावत होतो तेव्हा. कर्स्टिन होल्म साक्षीच्या खुर्चीतून उठलीच नव्हती.

साहेबांनी वही दाखवली: झऱ्यापुढे तिचं नाव. नवरा असता तर तिचा अर्ज घेता आला नसता. नवरा हयात नाही याला पुरावा काय, तर सकाळी तिची ओळख करून देताना मीच त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांनी ते शब्दशः उतरवून घेतलं आहे: "विधवा आहे. नवऱ्यावर माती पडताना मी स्वतः पाहिली."