गोधडीची बारी

७ डिसेंबर
मशीनखालचं कतरनांचं पोतं फुटलं! ब्लाउज शिवून उरलेल्या सगळ्या चिंध्या घरभर. नवरा जेवत होता — ताटात लाल चिंधी. "हे काय वाढून राहिली?" म्हणे. मग म्हणे, "थंडी पडून राहिली. फेक, नाहीतर गोधडी शिव." लिलाधर बोलतो फार, पण कधी कधी कामाचंही बोलतो.

९ डिसेंबर
पट्ट्या कापतेय. एक दोन बोटं रुंद, एक चार बोटं. असू दे! नियम केला — हाताला येईल ती पट्टी जोडायची, रंग बघायचा नाही. लगेच मोडला. जांभळ्याशेजारी शेंदरी आली, डोळे दुखले. उसवली.

१३ डिसेंबर
वर पट्ट्या, मध्ये जुनी चादर, खाली माझी विरलेली निळी साडी. आता हातानं धावदोरा. लिलाधर मदतीला बसला. आयुष्यभर मासोळीची जाळी सांधलेला माणूस — गोधडीलाही जाळ्याची गाठ मारून ठेवली! सुटेना. "हिच्यात मासा पकडायचा हाय का?" म्हटलं. कात्री लावावी लागली.

१८ डिसेंबर
झाली!! वाकडी आहे. सुंदर आहे.

१९ डिसेंबर
कुंपणावर उन्हात टाकली, आणि घोटाळा झाला.
समोरच्या सुलोचनाकाकू जात होत्या. थांबल्या. हिरवी पट्टी चिमटीत धरली. "काव रंजू, हा त माया ब्लाउजचा कपडा!"
"एवढासाच उरला होता काकू."
"कोपरापर्यंत बाही ठेव म्हटलं, त म्हणे कपडा पुरत नाही. माई बाही इथं झोपून राहिली!"
आवाज ऐकून गल्ली जमली. जिला तिला आपली पट्टी सापडायला लागली. निर्मलाबाईनं तर मोबाइलवर फोटो काढला — पुराव्याला! अरे, कतरन शिवणारणीचीच असते, सगळ्या मुलखात! पण ऐकतो कोण.

२० डिसेंबर
आज एकही ब्लाउज आला नाही.

२१ डिसेंबर
आजही नाही. निर्मलाबाई फॉल लावायला दिलेली साडी परत घेऊन गेली — अर्धा फॉल लोंबत होता! हसू आलं. पण या गल्लीनं पाठ फिरवली तर मशीनवर काय, नुसती धूळ पुसायची?

२२ डिसेंबर
काकूंच्या अंगणात सगळ्या वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. गेले आणि गोधडी मधोमध टाकली. वर ब्लेड ठेवलं. "जिची पट्टी तिनं उसवून न्यावी."
कोणी ब्लेड उचलेना. काकूंनी हात फिरवला. "टाके बारीक हायेत," म्हणाल्या. मग न्यायाधीशासारख्या — "उसवायची कायले? बारी लावा. जिची पट्टी, तिच्या घरी आठ दिवस." पहिली बारी अर्थातच त्यांची!
"आणि माझी?"
"तुई त एकबी पट्टी नाही."
"खालची अख्खी साडी माझी आहे!"
"अस्तराले बारी नसते."
सगळ्या खो खो. मीही. जाताना निर्मलाबाई हळूच म्हणाली, "फॉल उरलाय व अर्धा."

२५ डिसेंबर
ब्लाउज येऊन राहिले. काकूंकडे डोकावले. गोधडी बाजेवर घडी घालून. पांघरलेलीच नाही! "कोणासाठी ठेवली?" विचारलं. त्या शेंगा निवडत राहिल्या.
त्यांची सून रीता बाळंतपणाला माहेरी नाकाडोंगरीला गेली. मुलगी झाली तेव्हा काकू चारचौघीत बोलून गेल्या — "पोट्टीच झाली का!" ते तिकडे पोचलं. तेव्हापासून रीता आली नाही, काकू गेल्या नाहीत. नात अजून पाहिलेली नाही. मी म्हटलं, "जाऊन या ना काकू." म्हणाल्या, "कोणत्या तोंडानं?" आणि माझ्या पदरात शेंगा ओतल्या. म्हणजे — जा आता.

२७ डिसेंबर
काकू नाहीत. गोधडीही नाही! त्यांचा मुलगा प्रविण म्हणे, "माय सकाळीच निघाली, थैली घेऊन. सांगितलं नाही कुठं." निर्मलाबाई दारात ओरडतेय — "गोधडी घेऊन पळाली व बुढी!" पुढची बारी तिची ना!

२९ डिसेंबर
दुपारच्या बसनं आल्या. मागे रीता. आणि गोधडीत गुंडाळलेली इवलीशी पोर काकूंच्याच खांद्यावर. गल्ली धावली. निर्मलाबाईनं हात पुढे केला — गोधडीसाठी की पोरीसाठी, तिलाच माहीत — तेवढ्यात पोरीनं गोधडी ओली केली. काकूंनी ती ओली बाजू सगळ्यांना फिरवून दाखवली. "आता सांगा, कोणाची बारी हाय?"
रीता हसली. पहिली तीच.