जाऊबाईंच्या घरातली फट

३ फेब्रुवारी, मंगळवार

आम्ही पास! जाऊबाई नापास!

दुपारपासून हसू आवरत नाहीये. खोटं कशाला लिहू? वहीला काय कळतंय! तपासनीसबाईंनी आमच्या नव्या घराच्या दारात एक भलामोठा पंखा बसवला, खिडक्या घट्ट बंद केल्या, घरातली हवा बाहेर ओढली आणि हातात धुराची कांडी घेऊन कोपरान् कोपरा फिरल्या. फट असेल तिथून हवा आत घुसते आणि धूर हलतो. आमच्याकडे धूर शहाण्या मुलासारखा सरळ उभा! शेजारी मोठ्या दिरांच्या घरात मात्र नुसता नाचत होता.

शिवाय माळ्यावर छताच्या वाशांमध्ये जे लोकरीसारखं इन्सुलेशन भरायचं असतं, ते जाऊबाईंनी स्वतः उभं राहून दुप्पट कोंबून घेतलंय.

"जास्त भरलं तर चांगलंच ना?"

"नाही," तपासनीसबाई म्हणाल्या. "दाबलं की आतली हवा जाते. ऊन-थंडी ती हवाच अडवते. हे सगळं सैल करा."

जाऊबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बॅगसुद्धा त्या अशाच भरतात. वर बसून.

पण पुढच्या वाक्याला माझंच तोंड उतरलं. दोन्ही घरं एकाच नकाशातली, मधली भिंत एकच, म्हणून राहायला जायचा दाखला दोघांना मिळूनच. म्हणजे त्या पास होईपर्यंत आम्ही सगळे या दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत. चार माणसं, एक न्हाणीघर आणि वर जाऊबाईंचा स्वभाव!

७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी न्हाणीघर जाऊबाईंच्या ताब्यात. आत गाणं चाललेलं. बाहेर आमचे हे खांद्यावर टॉवेल टाकून पहारेकऱ्यासारखे उभे.

मी चहा ठेवला, तर "पाणी उकळू दे तरी!" मी भाजी चिरायला घेतली, तर "एवढे तुकडे? राक्षस येणार आहेत का जेवायला?"

मीही सोडलं नाही. म्हटलं, "ताई, तुमच्यासाठी बारीक चिरते. कोंबून भरता येतील असे."

अबोला! घरात कशी गोड शांतता. पण थोड्या वेळाने त्याच आल्या. "मीठ कुठे ठेवलंस गं?"

मीठ त्यांच्या नाकासमोर होतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

त्या माळ्याकडे फिरकत नाहीत. कंत्राटदार म्हणतो, मजूर दुसरीकडे अडकलेत. मोठे भाऊजी म्हणतात, "बघू." दिवसभरात ते एवढंच बोलतात.

मग मीच का नको? दोन्ही घरांच्या किल्ल्या एकाच खिळ्याला टांगलेल्या आहेत. गुपचूप जायचं, सगळं नीट करून यायचं. जाऊबाई पास, मी मोकळी, आणि कुणाला कानोकान खबर नाही. वा गं माझी बाई!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

खाज! खाज! खाज!

दुपारी "शिंप्याकडे जाऊन येते" म्हणून सटकले. माळ्यावर चढून निम्मी लोकर उपसली, उरलेली हलक्या हाताने पसरली. हातमोजे घातले होते, तरी ती कुठे कुठे शिरली ते इथेही लिहिणार नाही. माळ्यावर चढायच्या झडपेची, हवा अडवणारी रबरी पट्टीही दाबून बसवली.

घरी आले तर जाऊबाई दारातच. "हाताला काय झालं?"

"साबण बदललाय."

"कालच्याच साबणाने आज खाज सुटली?" असं म्हणत तेलाची वाटी घेऊन बसल्या आणि दोन्ही हातांना चोळचोळ चोळलं. तोंडाने "वेंधळी कुठली" चालूच.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

फेरतपासणी. लोकर पास! तपासनीसबाईंनी मजुरांचं कौतुक केलं. मी मनातल्या मनात वाकून नमस्कार केला.

आणि घर नापास. झडपेची रबरी पट्टीच नाही!

१८ फेब्रुवारी, बुधवार

मी माझ्या हातांनी बसवली होती. उंदीर रबर खातात का?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मी नवी पट्टी आणून लावली. कुणाला पत्ता नाही. आजच्या तपासणीत ती जागेवरच होती, पण स्वयंपाकघरातल्या नळाशेजारी धूर उडायला लागला. पाइपाभोवतीची फट बुजवणारा फोम कुणीतरी उकरून काढलाय! कंत्राटदार शपथा घेत सुटला. आमच्या ह्यांनी आवाज चढवला. मोठे भाऊजी म्हणाले, "बघू."

जाऊबाई गप्प होत्या. त्याही वैतागल्या असणार, घर तर त्यांचंच.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

उंदीर सापडला.

दुपारी नवा फोम घेऊन गेले तर दार उघडंच. आत शिडी लावलेली. शिडीवर जाऊबाई, आणि त्यांच्या हातात अर्धी ओढून काढलेली रबरी पट्टी!

"ताई!"

बाई दचकल्यासुद्धा नाहीत. "शिडी धर आधी. हलतेय."

मी धरली! सवयच लागलीय.

त्या खाली उतरल्या तशी मी सुटलेच. "तुमच्यापायी आम्ही सगळे अडकून पडलोय! मी तुमच्या माळ्यावर लोकर उपसली, ती खाज सोसली—"

"वाटलंच मला. साबण म्हणे!" त्या हसायला लागल्या. इतकं हसल्या की त्यांना शिडीच्या पायरीवर बसावं लागलं. मग उठल्या, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "ऐक."

"काय ऐकू?"

"तेच तर."

काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. रस्ता नाही, शेजार नाही, वारा नाही. माझाच श्वास मला मोठा वाटायला लागला.

"लेक शिकायला लांब गेली," त्या म्हणाल्या. "तुझे भाऊजी सकाळी 'येतो' म्हणतात आणि संध्याकाळी 'वाढ'. त्या दोन शब्दांच्या मधे मी इथे काय करायचं? तिकडे तू भांडतेस तरी."

"अहो, मी शेजारीच असणार आहे की!"

"मधे भिंत आहे. तीही पास झालेली."

मी त्या भिंतीवर टकटक करून बघितलं. 

मग त्यांनीच डोळे पुसले. "पुरे झाला पोरकटपणा. तुझं घर तयार होऊन पडलंय माझ्यामुळे. मंगळवारी होऊन जाऊ दे एकदाचं." परत शिडीवर चढल्या, पट्टी नीट बसवली. मी शिडी धरून उभी राहिले. नंतर दोघींनी मिळून नळाजवळ फोम भरला. जास्त झाला. मी वरचा हळूच कापून टाकला.

घरी येताना ठरलं, ह्यातलं कुणाला सांगायचं नाही.

१ मार्च, रविवार

सकाळी न्हाणीघरात गाणं नाही. पाणी नीट उकळायच्या आत चहा गाळला, मुद्दाम त्यांच्यासमोर. एक शब्द नाही! त्या आपल्या बसून एकेक कपडा घडी करून बॅगेत ठेवत होत्या. सैलसर.

तो चहा मी मोरीत ओतला आणि पाणी नीट उकळून नवा ठेवला.

३ मार्च, मंगळवार

जाऊबाईंचं घर पुन्हा नापास. माळ्याची झडप!

कंत्राटदार डोकं धरून ओट्यावर बसला. हे लालबुंद. सगळ्यांच्या मागे जाऊबाईंनी माझा दंड घट्ट धरला आणि कानात कुजबुजल्या, "तुझी शपथ, या वेळी मी हातसुद्धा लावला नाही गं!"

मला ठाऊक आहे. पट्टी माझ्या पर्समध्ये आहे.