कारखान्याच्या स्पिरिटवर दिल्ली

कराड, एप्रिल १९७४

ती. दाजींच्या सेवेसी,

लालासाहेबाचा वाकून नमस्कार. अक्काचा गुडघा कसा आहे? फौजेतून आल्यावरही तुम्ही पहाटे परेड करता आणि अख्ख्या गल्लीला करायला लावता, हे ऐकून बरं वाटलं. इकडे सर्व ठीक. मी परवा आकाशातून खाली आलो, ते सांगतो.

आमचे चुलते नानासो कारखान्याचे चेअरमन झाले आणि त्यांनी एक जुनं, दोन माणसांचं विमान घेतलं. (विरोधी पार्टीच्या बाळासोंनी परदेशी मोटार आणली होती; तिला उत्तर द्यायला जमिनीवर काही उरलं नव्हतं.) विमानानं थेट दिल्लीला जाऊन साखरेच्या भावाचं बोलायचं, असा बेत. पण अरबांनी तेल आवळलं, आणि विमानाचं पेट्रोल वाटेत मिळेल याचा भरवसा राहिला नाही. तेव्हा नानासोंनी ठरवलं, आपल्याच कारखान्याच्या स्पिरिटवर उडायचं. वैमानिक मानसिंग (फ्लाइंग क्लबातला, कमी बोलणारा) म्हणाला, स्पिरिटला दम कमी, टाकी वाटेतच संपेल, शिवाय जुन्या रबरी नळ्या फुगतील. नानासोंनी विषय बोर्डापुढं ठेवला. हात वर झाले, स्पिरिट बहुमतानं पास झालं. मानसिंगनं एवढंच विचारलं, "हा ठराव इंजिनाला कोण वाचून दाखवणार?"

दिल्लीआधी जतपर्यंत उडून बघायचं ठरलं. ऐन वेळी नानासोंना ताप भरला, म्हणून त्यांच्या वजनाचा माणूस म्हणून मला बसवलं. (घरात दुसरं कुणी एवढं भरत नाही.) जतच्या अलीकडं इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि गप्प झालं. दाजी, तसली शांतता शत्रूलाही नको. मानसिंगनं विमान ज्वारीच्या मोकळ्या रानात टेकवलं. मेंढरं पांगली, एक चाक मोडलं, पण आम्ही शाबूत राहिलो.

तेवढ्यात बायका घागरी घेऊन धावत आल्या. गावात कित्येक दिवस टँकर आला नव्हता. त्यांना वाटलं, सरकारनं आता वरून पाठवला. बनाबाई म्हणून एक धनगरीण होती, तिनं टाकीचं झाकण हुंगलं आणि विचारलं, "पानी कुटं हाय?" मी झाकण परत लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा टँकर आला, तोही विमान ओढून न्यायला, रिकामा. मग बनाबाई विमानाच्या पंख्यापुढं मांडी घालून बसली आणि बाकीच्या तिच्यामागं. "आदी पानी आना, मग तुमचं इमान न्या," म्हणाली. मी सावलीला बसून होतो, आणि खरं सांगतो, त्या जिंकाव्यात असंच वाटत होतं. सांजेला दोन टँकर भरून आले. त्या विमानाच्या हातून आजवर झालेलं काम एवढंच. (पेपरात मात्र 'चेअरमनसाहेबांकडून जतला विमानानं पाणी' असं आलंय.)

आता सोमवारी पुन्हा बोर्ड आहे. मानसिंग म्हणतो, विमानाचंच पेट्रोल घ्या, टप्प्याटप्प्यावर आधी पोचवून ठेवा. संचालक गुंडाआप्पा म्हणतात, माझ्या विहिरीवरचं डिझेल इंजिन बसवा, डिझेल कुठंही मिळतं. नानासो स्पिरिटवरच ठाम आहेत. माझं कुणाच्याच बाजूनं काही म्हणणं नाही. अक्काला नमस्कार.

तुमचा, तूर्त जमिनीवर असलेला,
लालासाहेब

ता. क. : दिल्लीलाही वजनाला मीच जायचंय, नानासो मागून रेल्वेनं येणार. ते तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत. सोमवारी मेडलं लावून या आणि डिझेलच्या बाजूनं खणखणीत बोला.

आणखी ता. क. : मानसिंगला गुपचूप विचारून घेतलंय. ते इंजिन बसवलं तर विमान जमीन सोडणारच नाही.